डेडस्टॉकातलं मोहाचं झाड

मी जन्मभर मराठी शिकवलं. इतिहास लिहायला मला कोणी कधी सांगितलं नाही, आणि मीही आपण होऊन कधी तो धोका पत्करला नाही. त्यामुळे कुरखेड्याकडच्या एका छोट्या कॉलेजात प्राध्यापक असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, रॉंग नंबर लागला असावा.

"सर, आमच्याकडे नॅकची समिती येते आहे. त्या निमित्तानं स्मरणिका काढतोय. कॉलेजच्या इमारती आणि परिसर यांचा इतिहास तुम्ही लिहून द्यायचा. चार पानं."

"अरे, पण तुमच्याकडे इतिहासाचे प्राध्यापक असतील ना?"

"आहेत सर. पण ते म्हणतात, पन्नास वर्षं झाल्याशिवाय कशाचाही इतिहास होत नाही. आणि तसंही, तुम्ही आता मोकळेच आहात."

निवृत्त माणसाला हे वाक्य सहन करण्याची सवय झालेली असते. घरात दळण, वीजबिल आणि नातवाची बस ही तिन्ही खाती मला याच वाक्यावर मिळालेली आहेत. त्यात चौथं खातं इतिहासाचं. मी हो म्हटलं. कॉलेजचं नाव मात्र इथं सांगत नाही. पुढं जे घडलं ते वाचल्यावर कारण तुमच्या लक्षात येईलच.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी नागपुराहून एस.टी.नं निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की वडसा लागतं. सरकारदरबारी त्याचं नाव देसाईगंज. पण तिकीट मागताना 'वडसा' म्हटलं तरच कंडक्टर आपल्याला माणसांत धरतो. पूर्वी इथं छोटी रेल्वे होती. ती नव्वदच्या दशकात मोठी झाली, पण एस.टी. तीच राहिली. वडशाहून पुढं कुरखेड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मग झाडी, मग पुन्हा बांध्या. कापणी झालेली. बांध्यांमध्ये धानाचे भारे पडलेले, आणि कुठल्याशा गावात रात्रीच्या नाटकाचे कर्णे आत्तापासून ओरडत होते.

वाटेत मी मनातल्या मनात इतिहासाचा मसुदा करत होतो. कॉलेजचा इतिहास म्हटला की माझ्या डोळ्यांपुढं घुमट, कमानी, घड्याळाचा मनोरा, पायऱ्यांवर बसलेले भावी मुख्यमंत्री असं काहीतरी येतं. निदान एखाद्या गव्हर्नरनं बसवलेला कोनशिलेचा दगड तरी असावा. तेवढ्यावर मी दोन पानं सहज काढली असती.

कॉलेजसमोर उतरलो आणि मसुदा जागच्या जागी फाडून टाकला.

समोर एक मोठं मैदान. लाल मुरमाचं. मैदानाच्या पलीकडे एल अक्षराच्या आकाराची एक बैठी इमारत: अर्धी स्लॅबची, अर्धी टिनाची. एका कडेला कवेलूंची जुनी खोली. तिच्यात आता सायकली राहत होत्या. मैदानाच्या बरोबर मधोमध नव्हे, पण जिथं कोणी आर्किटेक्ट झाड ठेवणार नाही नेमक्या त्या जागी, मोहाचं एक प्रचंड झाड. त्याच्याखाली चार गाई बसून रवंथ करत होत्या. गव्हर्नरचा दगड कुठंच नव्हता.

व्हरांड्यात एक खुर्ची दिसली म्हणून बसायला गेलो, तर पाठीमागून आवाज आला, "सर जी, तिच्यावर नोका बसू! तीन पायाची हाये."

आवाज शिपायाचा होता. अठ्ठावन्नच्या घरातला, काटक, डोक्याला पांढरा दुपट्टा. कॉलेज निघालं त्या दिवसापासून तो इथं आहे. मी विचारलं, "मोडली आहे तर इथं का ठेवलीय?"

"डेडस्टॉकात हाये जी. फेकता येत नाही."

हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेलं. तेवढं लक्षात असू द्या.

दुपारी विद्यार्थ्याच्या घरी वरण-भात खाऊन आडवा झालो, आणि झोप येईना म्हणून स्वतःची समजूत घालू लागलो. 'कॅम्पस' हा शब्द घ्या. आपण तो इतक्या ऐटीत उच्चारतो, पण मूळ लॅटिन अर्थ निव्वळ 'मैदान'. कॉलेजच्या आवाराला तो शब्द पहिल्यांदा लावला गेला तो अमेरिकेत, प्रिन्स्टनला, १७७४च्या सुमारास. त्याआधी हार्वर्डमध्ये 'यार्ड' म्हणत, अजूनही म्हणतात. आणि त्या यार्डाच्या आसपास सुरुवातीच्या काळात चक्क गाईंचे गोठे होते. म्हणजे मैदान आणि गाई या दोन्ही बाबतींत आमचं कॉलेज हार्वर्डच्या बरोबरीनं चाललं होतं. फक्त हार्वर्डला जरा आधी सुरुवात करण्याचा फायदा मिळाला.

आपल्याकडचं पाहिलं तरी तेच. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघालं ते शनिवार पेठेतल्या वाड्यात. टेकडीच्या पायथ्याची ती देखणी इमारत उभी राहायला १८९५ साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं कॉलेज होतं, पण ज्याला आपण 'फर्ग्युसन' म्हणून डोळ्यांपुढं आणतो ते नव्हतं. शांतिनिकेतनचं तर विचारूच नका. रवींद्रनाथांनी १९०१ साली झाडाखाली शाळा भरवली आणि जगभरची माणसं ती पाहायला आली. आमच्या विद्यार्थ्यानं झाडाखाली तास घेतला, तर नॅकचा फॉर्म विचारतो, 'वर्गखोल्यांची कमतरता आहे काय?' दाढीचा फरक पडतो, दुसरं काय!

संध्याकाळी शिपाईभाऊंना बरोबर घेऊन परिसर फिरलो. हा माणूस म्हणजे चालता इतिहास. मात्र सनावळी त्याच्याकडे नाही. 'पहिलं साल', 'टिन उडाले ते साल', 'पोरगी बारावी झाली ते साल' अशी त्याची कालगणना. मला तिच्यात काही वावगं वाटलं नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर आपण शंभर वर्षं भांडलो. टिन कोणत्या साली उडाले यावर गावात दुमत नाही.

पहिल्या साली वर्ग भरत ते जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, शाळा सुटल्यावर. मग गावानं ठराव केला आणि ही पडीक जागा दाखवली. पहिली खोली कवेलूंची. माती गावकऱ्यांनी तुडवली, बल्ल्या गावातून आल्या, कवेलू कुंभाराकडून बंडीत भरून आणले. मग टिनाच्या दोन खोल्या. मग बऱ्याच वर्षांनी स्लॅब. मैदानावर कॉलेज भरतं ते दिवसा. रात्रीचं मैदान झाडीपट्टीचं. दिवाळीपासून होळीपर्यंत इकडं नाटकांचा हंगाम. मंडईला, शंकरपटाला रात्रभर नाटक असतंच. मंडळांचं ठाणं वडशाला, आणि एकेका कलावंताच्या नावावर हजारांनी प्रयोग. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. आमच्या पुण्यामुंबईच्या नाटकाला तीनशे प्रेक्षक आले की 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लागतो. इथं तेवढी माणसं नुसती चहाच्या टपरीवर उभी असतात.

"नाटक असलं का दुसऱ्या रोजी पहिल्या तासाले पोरं झोपतेत," भाऊ म्हणाले.

"आणि प्राध्यापक?"

"तेही झोपतेत जी. पन उभ्यानं."

मोहाच्या झाडाशी आल्यावर भाऊंनी खोडाला हात लावला आणि थोडं थांबून म्हणाले, "येथी तीन झाडं होती सर जी. आमच्या वाट्याची."

जंगलाच्या गावात मोहाची झाडं रानातली असली तरी कुणाची कोणती हे ठरलेलं असतं. कागद नसतो, पण चूक होत नाही. उन्हाळा लागला की पहाटे फुलं गळतात. भाऊंची माय अंधारात टोपली घेऊन यायची, लहानगे भाऊ तिच्या मागं. आधी खालचा पाचोळा झाडून जाळायचा, मग उजाडेपर्यंत एकेक फूल वेचायचं, वाळवायचं, आठवड्याच्या बाजारात न्यायचं. फुलांमागून टोळ निघायची, तिचं तेल. वर्षाचे दोन-तीन कठीण महिने ती तीन झाडं काढून द्यायची.

मोह म्हटलं की शहरातल्या माणसाला फक्त दारू आठवते. मलाही आठवली होती, कबूल करतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. तेव्हा कॉलेजच्या मैदानात मोहाचं झाड असणं म्हणजे पोलीस चौकीत चोर पाळण्यासारखं, असा एक विनोद मी स्मरणिकेसाठी राखूनही ठेवला होता. तो मी गुपचूप गिळला.

"मग दोन झाडं कुठं गेली?"

"टिनाच्या खोल्या आहेत ना, थेच. जागा साफ करा लागली. मले विचारलं साहेबाईनं. मी म्हटलं, तोडा."

"माय काही म्हणाली नाही?"

"म्हनली ना. दोन रोज जेवली नाही. मग मीच सांगितलं, माय, तुही नात येथीच शिकंल." भाऊ हसले. "शिकली जी. बी.ए. झाली. आता आरमोरीकडं शाळेत मास्तरीन हाये. त्याच टिनाच्या खोलीत बसे."

त्या खोलीच्या दारावर देणगीदारांची पाटी आहे. पंखा देणारे, फळा देणारे, पाण्याची टाकी देणारे, सगळ्यांची नावं रंगवलेली. दोन मोहाची झाडं देणाऱ्या बाईचं नाव तिथं नाही. पाटी रंगवणाऱ्याचा दोष नाही. झाडाची पावती फाडण्याची पद्धतच नाही आपल्याकडे.

तिथं उभं असताना मला वरोऱ्याची आठवण झाली. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला; तोवर हा सगळा मुलूख चंद्रपूरचाच. त्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली आणि खडकाळ पडीक जमिनीवर आनंदवन उभं केलं. पुढं १९६४ साली तिथं कॉलेज निघालं, आनंदनिकेतन. ते कोणासाठी? आजाऱ्यांसाठी नव्हे. गावातल्या धडधाकट पोरांसाठी. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या झडलेल्या बोटांनी गावाच्या मुलांना कॉलेज बांधून दिलं. घुमट आणि घड्याळाचे मनोरे मी बरेच पाहिले आहेत. पण महाराष्ट्रातली कोणतीही कॉलेजची इमारत यापेक्षा मोठी देणगी आहे, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात बडेबाबूंसमोर बसलो. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. दोन वर्षांनी निवृत्त होणार, त्यामुळे स्वभावात एक प्रकारची वेदान्ती शांतता. इतिहासासाठी जागेचा सातबारा पाहू म्हटलं, तर त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि दार ओढून घेतलं.

"सर, सातबारा स्मरणिकेत घेऊ नका."

"का हो?"

"त्यावर झुडपी जंगल लिहिलेलं आहे."

आता हे झुडपी जंगल म्हणजे पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायलाच हवं. जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी होती. गावातल्या निकृष्ट, मुरमाड, झुडपांशिवाय काही न उगवणाऱ्या जमिनीला महसुली कागदात हे नाव होतं. गावानं तिथं गुरं चारावीत, सरपण आणावं. १९५१ला मालगुजारी गेली आणि जमिनी सरकारजमा झाल्या. १९५६ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. माणसं तीन राज्यांतून फिरली, कागदावरचं झुडूप मात्र जिथल्या तिथं. त्या जमिनींवर शाळा झाल्या, दवाखाने झाले, कचेऱ्या, घरं, स्मशानं झाली. मग १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि प्रश्न पडला, नावात 'जंगल' आहे तर हे वन की काय? हा प्रश्न पंचेचाळीस वर्षं चालला. अखेर २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हो, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६पर्यंत ज्या जमिनी रीतसर दिल्या गेल्या, त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्यानं केंद्राकडे मंजुरी मागावी.

"आमची जागा त्याआधीची आहे," बडेबाबू म्हणाले, "ठराव आहे, आदेश आहे. कागद जमवणं चालू आहे. पण तोवर आपण सगळे वनात आहोत."

मी सभोवार पाहिलं. प्राचार्यांची केबिन, प्रयोगशाळा, मुलींची कॉमन रूम, मुताऱ्या, सगळं घनदाट अरण्य. आणि या अरण्यात झाडं किती? एक.

तेवढ्यात प्राचार्य आले. सज्जन माणूस, पण नॅकच्या धाकानं महिनाभर झोपलेला नव्हता. ते म्हणाले, "बडेबाबू, समितीच्या गाड्या वळायला जागा नाही. पार्किंग दाखवायचं आहे. ते मोहाचं झाड काढून टाकू."

दारात चहाचा ट्रे घेऊन शिपाईभाऊ उभे होते. कप हलले, चहा सांडला नाही. अनुभवी हात.

मी माझ्या नव्या ज्ञानाच्या जोरावर लगेच म्हटलं, "पण प्राचार्यसाहेब, हे तर वन आहे! आणि १९६४च्या झाडतोडीच्या कायद्यात मोहाचं नावही आहे. परवानगीशिवाय..."

प्राचार्यांनी दोन्ही हात जोडले. "सर, कृपा करा. झाडासाठी परवानगी मागायला गेलो, तर ते पहिल्यांदा विचारतील, वनात इमारत कशी? सातशे पोरं आहेत माझी. निम्म्याहून अधिक मुली. वडसा-गडचिरोलीला कोण पाठवतो त्यांना? झाड एक आहे हो, कॉलेजही एकच आहे."

मी गप्प बसलो. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या कायद्यानं झाड वाचलं असतं, त्याच कायद्यानं टिनाच्या खोल्या अडचणीत आल्या असत्या. आणि त्या खोल्यांसाठी आधीच दोन झाडं गेली होती. भाऊ ट्रे ठेवून निघून गेले. एवढ्या वर्षांपूर्वी त्यांना कोणीतरी विचारलं तरी होतं.

बडेबाबू मात्र शांतपणे एक जाडजूड रजिस्टर चाळत होते. प्राचार्यांकडे न पाहता म्हणाले, "साहेब, झाड काढायला हरकत नाही. फक्त निर्लेखन करावं लागेल."

"झाडाचं निर्लेखन?"

"डेडस्टॉकात नोंद आहे साहेब."

त्यांनी रजिस्टर फिरवून पुढं केलं. पान पहिलं, अनुक्रमांक एक. वस्तूचे नाव: मोहाचे झाड. नग: १. खरेदी दिनांक: कॉलेजपूर्वी. किंमत: निरंक. शेरा: चालू स्थितीत. शाई वाळलेली होती, पण मला उगीच वाटलं की फार जुनी नसावी. बडेबाबूंच्या उजव्या तर्जनीवर निळा डाग होता. मी इतिहासकार म्हणून गेलो होतो. साधनांची चिकित्सा करणं माझं कर्तव्य होतं. मी ते केलं नाही.

"डेडस्टॉकात जिवंत झाड?" प्राचार्य म्हणाले.

"हालत नाही म्हणून लिहिलं असेल साहेब. निर्लेखनासाठी समिती नेमावी लागेल, मूल्य ठरवावं लागेल, निविदा, ठराव, मग मंजुरी. व्हरांड्यातल्या खुर्चीचा प्रस्ताव सात वर्षांपूर्वी पाठवला आहे."

प्राचार्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आधी झाडाकडे, मग खुर्चीकडे. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. मला वाटतं, त्यांनाही कोणीतरी 'नाही' म्हणायला हवंच होतं. "राहू द्या मग," ते म्हणाले. "गाड्या शाळेच्या मैदानात लावू."

समिती आली, पाहून गेली. गाड्या शाळेच्या मैदानात लागल्या. समितीतल्या एका बाईंनी म्हणे मोहाखाली उभं राहून चहा घेतला आणि विचारलं, इथं 'ओपन-एअर क्लासरूम' केव्हापासून आहे? आमचा विद्यार्थी तयारच होता. म्हणाला, "शांतिनिकेतनच्या धर्तीवर."

मी चार पानं लिहून पाठवली होती. तीत प्रिन्स्टन होतं, फर्ग्युसन होतं, आनंदनिकेतन होतं आणि एका मायचं दोन दिवसांचं न जेवणं होतं. स्मरणिका टपालानं आली. जाहिराती आणि शुभेच्छा यांच्या गर्दीत माझ्या इतिहासाला जागा मिळाली ती शेवटून दुसऱ्या पानावर, 'भौतिक सुविधा' या मथळ्याखाली, सहा ओळींत. वर्गखोल्या अमुक, संगणक तमुक, सायकल स्टँड एक. सहावी ओळ होती: 'मोहाचे झाड: १ (चालू स्थितीत).'

पहिल्यांदा रागच आला. मग विद्यार्थ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सर, एक अंक भाऊंना दिला. त्यांनी ती ओळ मास्तरीण पोरीला फोनवर वाचून दाखवली. दोनदा."

चार पानांचं जाऊ द्या. उन्हाळ्यात पुन्हा जायचं ठरवतो आहे, फुलं गळायच्या वेळी. पहाटे उठावं लागेल, असं भाऊंनी आधीच बजावलं आहे. आणि बसायचं असेल तर खाली बसा, म्हणाले. खुर्ची अजून तिथंच आहे.